पिल्लू आणायचं, पण आधी धापेचं बघू

प्रश्न : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. शाळेतून आला की मोबाइल. कुत्र्याच्या पिल्लासाठी महिनाभर हट्ट धरून बसलाय. पण पावसाळ्यात त्याला धाप लागते, पंप घ्यावा लागतो. सासूबाई म्हणतात, कुत्र्याच्या केसांनी दमा होतो. मिस्टर म्हणतात, कुत्र्यामुळे दमा कमी होतो असं वाचलंय. खरं काय?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, दोघांचंही अर्धंच खरं. 2015 साली स्वीडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासून पहिल्या वर्षात घरी कुत्रा असलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी दम्याचं प्रमाण सुमारे 13 टक्क्यांनी कमी दिसलं. तुमच्या मुलाचं ते वय केव्हाच सरलं आणि धाप तर लागतेच आहे. त्याच्यासाठी कुत्रा हे औषध नव्हे. केसांचं म्हणाल तर वावडं असतं ते कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांचं. त्यामुळे ‘केस न गळणारी जात’ म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नका.

आधी बालरोगतज्ज्ञांकडून कुत्र्याच्या ॲलर्जीची तपासणी करून घ्या. ज्या नातेवाइकांकडे कुत्रा आहे तिथे पंधरा दिवस रोज अर्धा तास त्याला खेळू द्या. शिंका, डोळ्यांना खाज किंवा रात्री खोकला सुरू झाला तर विषय तिथेच थांबवा. काही झालं नाही, तर पिल्लू आणा. फक्त ते मुलाच्या अंथरुणात नको.

खरा फायदा आहे तो हालचालीचा. या वयाला रोज तासभर अंगमेहनत हवी. सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं कुत्रा फिरवला की चाळीस मिनिटं तिथेच झाली. साखळी मात्र मोठ्या माणसाच्या हातात. आणि लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रंकाळा तलावावर न्यायची घाई नको : पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या रोगाचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात. पहिली लस पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं झाल्यावर, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर.

जंताचं औषध तिसऱ्या महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दरमहा. मात्रा वजनावर ठरते. काट्यावर आधी मुलाला एकट्याला उभं करा, मग पिल्लू उचलून. फरक ते पिल्लाचं वजन. शी रोजच्या रोज उचला, कारण त्यातली गोलकृमीची अंडी ताजी असताना बाधत नाहीत, दोन-तीन आठवडे मातीत राहिली की बाधतात.

आणि रविवारचा उरलेला तांबडा-पांढरा त्याच्या ताटलीत ओतू नका. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजलेल्या हाडाच्या सळ्या आतड्यात रुततात.

प्रश्न : दोन महिन्यांच्या पिल्लाचा दात मुलीच्या हाताला लागला, थोडं रक्त आलं. एवढ्याशा पिल्लाला कसला रेबीज?
— एक वाचक, उचगाव

उत्तर : होऊ शकतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. चुना, हळद, तिखट काही भरू नका. लगेच कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. रक्त आलंय म्हणजे लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. लस स्नायूत दिली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी, आणि तीही दंडात. पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली.