गाईड मिटव, कलम उघड

कायद्याच्या तासाची तयारी गाईडवरून करू नकोस, एवढं आधी सांगते. तेच गाईड मुलांच्याही बाकावर असतं.

अज्ञानाचा, म्हणजे 18 वर्षं पूर्ण न झालेल्याचा, करार शिकवायचाय ना? आपल्या सांगलीच्या हळदीपासून सुरुवात कर. 17 वर्षांच्या पोराने वडिलांना न विचारता पोती विकायचा करार केला, तर? 'कलम 11 प्रमाणे शून्य', म्हणजे कायद्याच्या लेखी करारच नाही, असं कुणीतरी ठोकून देणारच. मान डोलावू नकोस. भारतीय करार अधिनियम, 1872 उघडायला लाव, कलम मोठ्याने वाचून घे. त्यात 'शून्य' हा शब्दच नाही! करार करायला सक्षम कोण, एवढंच आहे. वर्गात शांतता पसरते, ती थोडी टिकू दे.

मग मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, 1903 चा निकाल काढ. अज्ञानाने सावकाराकडे मालमत्ता गहाण ठेवली होती. असा करार शून्यकरणीय (म्हणजे एका पक्षाने ठरवलं तर रद्द होणारा) नव्हे, मुळातच शून्य, असं तिथे ठरलं. आणि 18 वर्षांची अट? ती तिसरीकडेच, 1875 च्या सज्ञानता कायद्यात.

निकाल मात्र पूर्ण वाच. पहिल्या वर्षी मी नुसत्या हेडनोटवर, म्हणजे निकालाच्या वर छापलेल्या सारांशावर, तास घेतला. एका मुलीने विचारलं, 'मॅडम, हे कुठल्या परिच्छेदात?' घाम फुटला होता.

शेवटी मुलांना घरच्यांना समजेल अशी तीन वाक्यं लिहायला सांग. प्रत्येक वाक्याखाली कलम किंवा निकाल हवाच. आधार नसलेलं वाक्य खोडायचं, कितीही सुंदर असो.