खानापूरच्या घरची छत्री काढू नका, बॉक्स बदला

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही पुण्यात, आईवडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळच्या गावी. डीटीएचचा महिन्याचा रिचार्ज साडेचारशेच्या वर गेलाय. आईला संध्याकाळच्या मालिका हव्यात, वडिलांना बातम्या आणि क्रिकेट. डीटीएच बंद करून स्मार्ट टीव्ही आणि ओटीटी (इंटरनेटवरून मालिका दाखवणारी ॲप) घेऊन द्यावं, की फ्री डिश बसवावी?

दोन्ही करा, पण ओटीटीचं एकच ॲप घ्या. आणि घरावरची डीटीएचची छत्री उतरवू नका, तीच पुढे कामाला येणार आहे.

आधी बिलाचं बघू. डीटीएचमध्ये चॅनेलच्या पैशांआधी नेटवर्क फी असते. ट्राय या सरकारी नियामकाच्या २०१९ च्या नियमांत ती १३० रुपये ठरली, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकही पैसेवाला चॅनेल न घेता दीडशेच्या वर गेलेच. २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाही उठली. त्यावर पॅक. आणि इथे आपल्या सीमाभागाची गंमत सुरू होते. पिनकोड ५९० किंवा ५९१ ने सुरू झाला की कंपनी तुम्हाला कर्नाटकातलं गिऱ्हाईक धरते आणि कन्नड पॅक पुढे करते. मग मराठी पॅक त्याच्या डोक्यावर वेगळा. त्यात हिंदी आलं, लहान मुलांचे चॅनेल आले, ज्या घरात मुलं फक्त मे महिन्यात येतात. आमच्याही घरी हेच चाललं होतं. कन्नडबद्दल तक्रार नाही, गावचे पाहुणे आले की त्याच बातम्या लागतात. पण बघत नाही त्याचे पैसे कशाला? तेव्हा तुम्हाला काहीच बदलायचं नसेल तर निदान कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन सगळे पॅक काढा आणि आईचे तीन-चार मराठी चॅनेल सुटे घ्या. तेवढ्यानेही बिल बरंच उतरतं.

आता फ्री डिश. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसारभारतीची ही छत्रीवरची सेवा २००४ पासून आहे, रिचार्ज नाही, महिन्याचं काही नाही. सह्याद्री, कन्नड चंदना, डीडी न्यूज, डीडी स्पोर्ट्स मिळतात. खासगी मराठीत 'फक्त मराठी', सन मराठी, शेमारू मराठीबाणा असे चॅनेल गेल्या काही वर्षांत तिथे दिसले आहेत, पण ते कायमचे नसतात. आईला जर स्टार प्रवाह किंवा झी मराठीची चालू मालिकाच हवी असेल तर फ्री डिशवर ती मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर बॉक्स बसवल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला तुम्हालाच फोन येईल.

वडिलांच्या क्रिकेटसाठी मात्र फ्री डिश फार उपयोगाची. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसारभारतीला द्यावं लागतं. पण ते फक्त दूरदर्शनच्या स्वतःच्या टॉवरवर आणि फ्री डिशवर दाखवता येतं, खासगी डीटीएच किंवा केबलवर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये यावर शिक्कामोर्तब केलं. म्हणून तर कंपनीच्या छत्रीवर डीडी स्पोर्ट्स लावला की सामन्याच्या वेळी भलतंच काहीतरी चालू असतं, आणि शेजारच्या फ्री डिशवर त्याच चॅनेलवर भारत बॅटिंग करत असतो. वडिलांनी हे पाहिलं असणार आणि केबलवाल्याला शिव्याही दिल्या असणार. त्यात केबलवाल्याचा काही दोष नाही. फक्त आयपीएल या सक्तीत येत नाही, ते तिथे शोधू नका.

खर्च किती? छत्रीसकट नवीन घेतलं तर साधारण दोन हजार. तुमच्याकडे छत्री आहेच, म्हणजे नुसता बॉक्स घ्यायचा. एमपेग-४ या नव्या पद्धतीचं चित्र दाखवणाराच घ्या, जुना एमपेग-२ स्वस्त मिळतो पण त्यावर काही चॅनेल दिसत नाहीत. कंपनीचा बॉक्स फ्री डिशला चालत नाही. तुमच्या टीव्हीच्या आतच सॅटेलाइट ट्यूनर असेल तर छत्रीची वायर थेट टीव्हीला लावून बघा, कदाचित बॉक्सही लागणार नाही.

छत्री फिरवणं हे मुख्य काम. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्व. बेळगाव-खानापुरातून तो आग्नेयेला, बराच वर, साठएक अंशावर येतो. डिश टीव्हीची छत्री असेल तर नशीबवान, तिचा उपग्रह ९५ अंशावर, म्हणजे नट सैल करून हलकासा धक्का पुरे. टाटाची ८३ अंशावर बघते, तिला पूर्वेकडे चांगलंच वळवावं लागतं. एअरटेलची १०८ वर, तिला उलट दक्षिणेकडे आणा. बॉक्सच्या मेनूत एलएनबी (छत्रीपुढचा सिग्नल घेणारा भाग) ९७५०-१०६०० ठेवा, फ्रिक्वेन्सी ११०९०, सिम्बॉल रेट २९५००, आणि सिग्नलची पट्टी टीव्हीवर उघडी ठेवून एकाला खाली बसवा. वर कौलावर तुम्ही, खाली वडील.

"येऊलंय काय?"
"न्हाई!"
"आता?"
"आलं, आलं... गेलं की!"

हे गेलं की आलं, ते बोटाच्या पेराएवढ्या हालचालीत होतं. म्हणून छत्री फिरवायची ती अगदी सावकाश, आणि प्रत्येक हालचालीनंतर क्षणभर थांबून. बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो. पट्टी सगळ्यात जास्त भरली की नट आवळा, पण आवळतानाही छत्री हलते, तेव्हा खालच्याला उठू देऊ नका. आणि हे काम पावसाळ्याआधी उरका. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. छत्रीवर येणारा केयू बँडचा सिग्नल दाट पावसात मरतोच, महागड्या डीटीएचचाही मरतो. छत्री नेमकी लावलेली असली तर निदान रिमझिमीत तरी चित्र अडकत नाही.

राहिल्या आईच्या मालिका. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. तिन्ही घ्याल तर डीटीएचपेक्षा स्वस्त पडेलच असं नाही, आणि इथेच बहुतेक लोक हिशोब चुकवतात. आईला विचारा: कुठली मालिका चुकली तर तुझा जीव कासावीस होतो? त्या चॅनेलचं ॲप घ्या, बाकीचं सोडा. मोबाइल रिचार्जबरोबर फुकट मिळणारं सबस्क्रिप्शन पुष्कळदा मोबाइलपुरतंच असतं, टीव्हीवर उघडत नाही. अट वाचून घ्या.

बातम्यांना पैसे देऊच नका. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास यूट्यूबवर लाइव्ह दिसतात. प्रसारभारतीचं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं, त्यावर दूरदर्शनचे चॅनेल आहेत.

पण हे सगळं गावात फायबर इंटरनेट आलं असेल तर. मोबाइल डेटावर टीव्ही चालवणं जमत नाही. चांगल्या चित्राला तासाला दोन-अडीच जीबी सहज जातात, दिवसाचा दीड जीबी दुसऱ्या मालिकेतच संपतो. फायबर नसेल तर ओटीटीचा नाद सोडा, फ्री डिश दुसऱ्या छत्रीवर ठेवा आणि आईसाठी जुन्या छत्रीवर डीटीएचचे सुटे मराठी चॅनेल. फायबर असेल तर राउटरला छोटा यूपीएस लावा, कारण लाईट गेली की टीव्ही आधी जातो हे खरं, पण लाईट आल्यावर राउटर जागेवर यायला जो वेळ घेतो त्यात आईचा अर्धा एपिसोड जातो. आणि टीव्ही सुरू होताच आईचं ॲप पहिल्या जागी दिसेल असं लावून द्या, आवाजाने शोधायचं बटण दाखवा. काही टीव्हींवर ते मराठीही ऐकतं.

बाजारात "वर्षभर सगळे चॅनेल फुकट" म्हणून अँड्रॉइड बॉक्स विकतात. चोरीचा माल असतो, चार महिन्यांत बंद पडतो आणि पैसे मागायला कुणी सापडत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

कंपनीला लगेच काही कळवू नका. प्रीपेड आहे, रिचार्ज संपू द्या. पण महिनाभर नवीन व्यवस्था चालवून बघेपर्यंत जुना बॉक्स कपाटात असू द्या. आणि फ्री डिशवरच्या जागांचा लिलाव वर्षाचा असतो, १ एप्रिलपासून चॅनेल उलटसुलट होतात. तेव्हा वडिलांचा फोन येईल की बॉक्स बिघडला. दुकानात नेऊ नका म्हणावं, मेनूत जाऊन ऑटो स्कॅन मारायचं.