संत्र्याच्या बागेतून गॅसची पाइपलाइन : दहा टक्के नेमके कशाचे?

प्रश्न : काटोल तालुक्यात आमची ओलिताची संत्राबाग आहे. गॅस पाइपलाइनसाठी २० मीटर रुंद, २०० मीटर लांब पट्टा जाणार. जमीन नावावरच राहील, म्हणून बाजारभावाच्या १० टक्केच मिळतील, असं सांगतात. सही करावी का?

उत्तर : १० टक्के बरोबर आहेत, पण ती सगळी भरपाई नव्हे. १९६२ च्या पाइपलाइन कायद्याखाली जमीन नाही, वापराचा हक्क घेतला जातो. पट्ट्यात नांगरा, पेरा. मात्र बांधकाम, विहीर, शेततळं आणि झाड यांना बंदी. बागाईतदाराला झाडाची बंदीच सर्वांत जड जाते. ६ बाय ६ मीटर लागवडीत तुमच्या ४० आरांत सुमारे ११० झाडं येतात, आणि ती तिथे परत लागणार नाहीत.

१० टक्के या हक्काचे. तोडलेली झाडं, उभं पीक, शेताचे तुकडे पडून होणारी अडचण, उत्पन्नाचं नुकसान हे कलम १० खाली वेगळं मागा, लेखी मागा.

बाजारभाव कलम ३(१) च्या, म्हणजे वापराचा हक्क घेण्याचा इरादा जाहीर करणाऱ्या अधिसूचनेच्या तारखेचा धरतात. नंतर भाव चढले तर उपयोग नाही. हेक्टरी ५० लाख ठरला तर पट्टा २० लाखांचा, हक्काचे २ लाख. ३० लाख ठरला तर १ लाख २० हजार. म्हणून दुय्यम निबंधकाकडून त्या तारखेआधीच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांच्या सूची-२ च्या (नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा) नकला काढा. तुलनेला बागेचंच खरेदीखत जोडा. कोरडवाहू शेताचं खरेदीखत पुढे आलं की भाव तिथेच पडतो. घरच्या घरात झालेले व्यवहारही वगळा.

झाडांचं मूल्य तर पंचनाम्यावरच उभं असतं. मशीन शेतात यायच्या आधी प्रत्येक झाडाला क्रमांक, वय, घेर, आंबिया की मृग बहार, अंदाजे फळं हे सगळं नोंदवून घ्या, फोटो काढा. सातबाऱ्यावर कापूस आणि शेतात संत्रा असेल तर वाद अटळ. पीकपाहणी आजच दुरुस्त करून घ्या. विहिरीची नोंदही तपासा. ठिबकच्या नळ्या कुठून तुटणार ते नकाशावर दाखवा. खोदताना वरची काळी माती वेगळी ठेवून शेवटी वरच पसरायची, ही अट लेखी घ्या; खालचा मुरूम वर आला तर पुढची पिकं खुरटतात.

सक्षम प्राधिकाऱ्याने (या कामासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने) ठरवलेली रक्कम मान्य नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो. तिथे हेच कागद लागतील.