घरी प्रार्थना करतो, मग चर्चला कशाला?

समुपदेशनासाठी येणाऱ्यांपैकी हा प्रश्न माझ्याकडे क्वचितच कुणी स्वतःचा म्हणून आणतं. तो नवऱ्याचा असतो, मुलाचा असतो, सुनेचा असतो. “तसे ते वाईट नाहीत हो मॅडम. बायबल वाचतात, जेवायच्या आधी प्रार्थना करतात. फक्त रविवारी चर्चला चला म्हटलं की डोकं दुखायला लागतं. विश्वासच उडाला असेल का त्यांचा?” सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती घरांतून येणाऱ्या बायकांच्या तोंडून हे मी इतक्यांदा ऐकलंय, की पुढचं वाक्य काय येणार हेही बरेचदा कळतं.

मिरजेत ही काळजी जरा जास्तच टोचते. मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये इथं सुरू झालं आणि त्याच्या आसऱ्यानं नर्सेस, कंपाउंडर, वॉर्डबॉय, शिक्षक यांची घरं वसली. कामाचं ठिकाण, घर आणि चर्च हाकेच्या अंतरावर. रविवारी कोण आलं नाही हे वेगळं विचारावं लागत नसे. आता मुलं पुण्याला, नर्स झालेल्या मुली आखातात, आणि जे गावात उरलेत त्यांना रविवारची शिफ्ट. त्यात लॉकडाउन आला. मार्च २०२० मध्ये बंद झालेली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबरला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. तेवढ्या काळात चहा पीत मोबाइलवर उपासना बघायची सवय लागली, ती काहींची सुटलीच नाही.

आता ज्या जोडप्याबद्दल लिहितेय, त्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती एका खाजगी दवाखान्यात स्टाफ नर्स. त्याचं कुपवाड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप होतं, लेथवर जॉबवर्क करायचा. तो चर्चला यायचा थांबून दोन-अडीच वर्षं झाली होती. ती एकटीच आली पहिल्यांदा. सगळे उपाय करून झाले होते. चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, घरी बोलावलं, तेव्हा हा नेमका बाजारात गेला. सासूकडून सांगून पाहिलं. शेवटी व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं ते प्रसिद्ध वचन टाकायला लागली, एकत्र मिळणं सोडू नका म्हणणारं, दर शनिवारी रात्री. “ते बघतात, मॅडम. बघितल्याचं मला दिसतं. पण एक शब्द बोलत नाहीत.”

काही दिवसांनी तो आला. बायकोनं गळ घातली म्हणून, हे त्यानं खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं.

“मॅडम, सरळ विचारतो. देव काय फक्त चर्चमध्येच असतो का?”

“नाही.”

एवढ्या चटकन मी कबूल करेन असं त्याला वाटलं नसावं. मग त्यानं पुढचा मुद्दा काढला. “रेव्हरंड टिळकांनीसुद्धा शेवटी मिशन सोडलंच की.”

वाचलेला माणूस होता. खरंच आहे ते. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक, त्यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनचं काम सोडलं. “सोडलं,” मी म्हटलं, “आणि मग साताऱ्यात त्यांनी काय उभं केलं?” तो हसला. त्याला माहीत होतं. देवाचा दरबार. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे एकत्र यावेत म्हणून. मिशनच्या पद्धतीवर चिडलेला माणूससुद्धा घरात एकटा बसला नाही, त्यानं माणसंच गोळा केली.

पण वादविवादानं कुणी परत येत नाही, हे या कामात लवकर कळतं. आमच्या चर्चमध्ये निखाऱ्याचं उदाहरण प्रत्येक पिढीतल्या पाळकांनी दिलंय, चुलीतून बाजूला काढलेला निखारा विझतो ते. ते त्याला ऐकवलं असतं तर तो उठून गेला असता, आणि मी त्याला दोष दिला नसता. मी विचारलं, “शेवटचं कधी गेला होता? त्या दिवशी काय झालं?” ‘का जात नाही’ विचारलं की माणूस कारणं देतो. ‘कधीपासून’ विचारलं की घडलेलं सांगतो.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “यादी लागली होती.”

वार्षिक सभेच्या आधी चर्चच्या नोटीस बोर्डावर वर्गणी थकलेल्यांची यादी लावली होती. टाइप केलेली, नावापुढे रक्कम. लॉकडाउननंतर त्याच्या ऑर्डरी तुटल्या होत्या, लेथ विकून बँकेचे हप्ते भरले होते, आणि तो दुसऱ्याची गाडी भाड्यानं चालवत होता. थकबाकी सगळ्यात जास्त, म्हणून नाव पहिलं. उपासना सुटल्यावर संडे स्कूलची पोरं बोर्डापुढे उभी राहून मोठ्यानं वाचत होती. त्यातला एक याला बघून म्हणाला, “काका, तुमचं नाव सगळ्यात वर हाय!” पोरगं बिचारं खुशीत सांगत होतं, पहिला नंबर आल्यासारखं.

त्याचे वडील त्याच चर्चचे पंच, म्हणजे कमिटीतले, होते. आणि हा तोच माणूस, जो हंगामाच्या सणाला लिलावात एका नारळासाठी हट्टानं बोली चढवत न्यायचा, सगळ्यांना हसवायचा. बायको त्या वेळी महिला मंडळाच्या मीटिंगला आत होती. तिनं यादी बघितली नाही, यानं सांगितलं नाही. ती नवऱ्याचा विश्वास गेला म्हणून रडत राहिली आणि यानं तिला तसंच समजू दिलं. “विश्वास कमी झालाय म्हणणं सोपं वाटलं, मॅडम. पैसे नाहीत म्हणणं अवघड.”

मला हे नवीन नव्हतं. लग्न मोडून माहेरी आलेली मुलगी, ‘काही बातमी?’ या प्रश्नाला कंटाळलेली सून, बारावीला नापास झालेला पाळकांचा मुलगा, जमिनीवरून भावाशी कोर्टात गेलेला माणूस, हे सगळे आधी चर्चला येणं बंद करतात. जिथं सगळे आपल्याला ओळखतात, तिथलीच वाट पहिल्यांदा टाळली जाते. देव सगळीकडे आहे वगैरे त्यानंतर सुचतं. म्हणून नवऱ्याची, मुलाची काळजी करणाऱ्यांना मी सांगते, विश्वास तपासायला जाऊ नका, आधी लाज कशाची वाटतेय ते बघा.

तरी त्याचा मूळ प्रश्न शिल्लकच होता, आणि तो मला टाळायचा नव्हता. घरच्या प्रार्थनेत काय कमी आहे?

आम्ही बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढला. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य दार लावून एकत्र बसलेत, प्रभू येतो, आणि त्यांच्यातला थोमा तिथं नसतो. का नव्हता, हे योहान सांगत नाही. मला ते आवडतं. बाकीचे त्याला सांगतात, आम्ही प्रभूला पाहिलं. तो म्हणतो, मी खिळ्यांच्या खुणा बघितल्याशिवाय मानणार नाही. एवढं बोलूनसुद्धा त्याला कुणी बाहेर काढत नाही, आणि तोही सोडून जात नाही. आठ दिवसांनी तो त्याच माणसांत बसलेला आहे, शंका तशीच घेऊन. तिथं प्रभू त्याला भेटतो.

“पण पौलाला तर वाटेत भेटला,” तो म्हणाला.

मला खरंच आनंद झाला या प्रश्नाचा. “भेटला. ख्रिस्ती लोकांचा छळ करायला निघालेला पौल तिथंच आंधळा झाला. आणि पुढे काय सांगितलं? गावात जा. तिथं हनन्या नावाचा शिष्य आला, ज्याला याची भीती वाटत होती. त्यानं डोक्यावर हात ठेवून भाऊ म्हणून हाक मारली, तेव्हा पौलाला दिसायला लागलं.”

मग बायकोच्या स्टेटसवालं वचन. लोक त्याचा पहिला अर्धा भागच वापरतात, हजेरी घ्यायला. त्याच वाक्यात पुढे एकमेकांना बोध करा असं आहे, त्याच्या आधी एकमेकांना प्रीतीसाठी, सत्कर्मांसाठी उत्तेजन द्या. आणि नऊ वचनांनी पुढे गेलं की कळतं, ज्यांना हे लिहिलंय त्यांच्या मालमत्तेची लूट झालेली होती. चौतिसावं वचन त्यानं स्वतःच वाचलं, मग परत एकदा मनातल्या मनात वाचलं. लेथ गेलेल्या माणसाला ते काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही.

यूट्यूबवरचा संदेश आपल्या पाळकांपेक्षा चांगला असू शकतो, त्यात वाद नाही. पण तिथं तुम्ही आला नाहीत हे कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तुम्हाला कुणासाठी काही करता येत नाही. हा चर्चमध्ये भजनाला तबला वाजवायचा. तो गेल्यावर कीबोर्डवरचा तयार ताल लावायला लागले. त्याची बायको सहज बोलून गेली, की पुढच्या बाकावरच्या आजी आता गात नाहीत. त्या प्रत्येक कडव्याची शेवटची ओळ लांबवायच्या आणि हा त्यांच्यासाठी लय सांभाळून घ्यायचा. कीबोर्ड कुणासाठी थांबत नाही. ‘चर्चमधून मला काय मिळतं’ असं तो विचारत होता. त्याच्यावाचून तिथं काय अडलंय, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

ती नर्स, तिला विज्ञान काय म्हणतं ते हवं होतं. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये सुमारे ७५ हजार अमेरिकन नर्सेसची माहिती प्रसिद्ध केली. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्यांचं १६ वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघालं. माणसांचा आधार, कमी नैराश्य, कमी सिगरेट यांतून त्यातलं काही कळतं, सगळं नाही. आयुष्य वाढावं म्हणून कुणी चर्चला जावं असं मी म्हणणार नाही. तिला मात्र हे फार आवडलं.

नवऱ्यानं यादीची गोष्ट तिला माझ्यासमोरच सांगितली. ती आधी चिडली, मग रडली, मग वार्षिक सभेत भांडायला निघाली. ते मी थांबवलं. दोघांनी मिळून सेक्रेटरींना साधं पत्र लिहिलं, सध्या वर्गणी देणं शक्य नाही, आणि कुणाचंच नाव बोर्डावर लावू नये ही विनंती. त्यानंतर पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला, मुलांच्या शाळेची चौकशी केली आणि वर्गणीचा विषय न काढता गेले. पुढे कमिटीनं यादी लावणं बंद केलं. एका पंचांनी विचारलं म्हणे, मग लाइटबिल आणि पाळकांचा पगार कुठून द्यायचा? हा प्रश्नही खोटा नाही.

परत येताना एकदम रविवारी पहिल्या बाकावर बसायची गरज नसते. त्याला आधी शेजारच्या गल्लीतल्या बुधवारच्या घरसभेला जायला सांगितलं, दहा-बारा माणसं, चटईवर बसून. मग रविवार. तिथं दारातच एका ओळखीच्यांनी “आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!” म्हणून स्वागत केलं, आणि तो तिथूनच फिरणार होता. चर्चमधल्या लोकांना माझी एवढीच विनंती असते, की बऱ्याच दिवसांनी आलेल्या माणसाला हे वाक्य म्हणू नका. “सलाम, या” एवढं म्हणा आणि सरकून जागा द्या.

एक वेगळं प्रकरणही असतं. चर्चमधल्याच कुणी ज्यांच्यावर अत्याचार केलाय, त्यांना मी परत जा म्हणत नाही. त्यांच्या बाबतीत आधी तक्रार, सुरक्षितता, उपचार. एकत्र येण्याचं पुढे कधी, आणि तेही कदाचित दुसरीकडे.

या गृहस्थाचं म्हणाल तर तबला मिरजेतून शाई नव्यानं घालून आणलाय. दर रविवारी तो येत नाही. लग्नसराईत रविवारचं भाडं सोडता येत नाही, तेव्हा बुधवारची घरसभा चुकवत नाही. बायकोला ते अजून पुरेसं वाटत नाही, आणि त्यावर आमचं बोलणं चालू आहे.