प्रकाश, नॅनोकण आणि ‘थंड’ गाठ : वाचकांचे प्रश्न

वडिलांना इम्युनोथेरपी सुरू आहे, पण गाठ कमी होत नाही. प्रकाशावर चालणारे नॅनोकण दिले तर औषध लागू पडतं, असं वाचलं. खरं का? (लातूर)

कल्पना खरी आहे, पण दवाखान्यात ती अजून आलेली नाही. इम्युनोथेरपी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारे उपचार. तिची बरीचशी औषधं टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशींना, लागलेला ब्रेक सोडवतात. याच शोधासाठी २०१८चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना मिळालं. पण गाठीत टी पेशी शिरलेल्याच नसतील, तर ब्रेक सोडवायचा कुणाचा? अशा गाठीला आम्ही ‘थंड’ म्हणतो.

ती तापवायला हे नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण. त्यांच्यावर निअर-इन्फ्रारेड (लाल रंगापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश सोडला की सोन्याचे कण गरम होतात, दुसऱ्या प्रकारचे कण ऑक्सिजनचं जहाल रूप तयार करतात. कर्कपेशी मरते, पण बोंब ठोकून मरते. एरवी आत असणारं कॅलरेटिक्युलिन प्रथिन तिच्या पृष्ठभागावर येतं, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी हे रसायन बाहेर सांडतं. त्या हाकेला डेंड्रायटिक पेशी (प्रतिकारशक्तीच्या टेहळ्या पेशी) धावतात, मेलेल्या पेशीचे तुकडे लसीका ग्रंथीत नेतात आणि टी पेशींना शत्रूची ओळख करून देतात. सोबत ब्रेक सोडवणारं औषध दिल्यावर, प्रकाश न पडलेली दुसरी गाठही आकसल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. उंदरांच्या प्रयोगांत, हे मात्र लक्षात ठेवा.

शिरेतून दिलेले कण बरोबर गाठीतच कसे पोहोचतात? (नाशिक)

बहुतेक पोहोचतच नाहीत! टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ साली दहा वर्षांचे शोधनिबंध तपासले. गाठीत पोहोचलेल्या मात्रेचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) निघाला ०.७ टक्के. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात. प्रकाशाचा फायदा इथेच आहे : कण कुठेही साचोत, उजेड पडेल तिथेच काम करतात. अडचणही तीच. हा प्रकाश शरीरात साधारण सेंटिमीटरभर नीट जातो, पुढे विरतो. खोलवरच्या गाठीत प्रकाश नेणारी बारीक फायबर घालावी लागते.

माणसांवर प्रयोग झालेत का? (पुणे)

झालेत. न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या १६ रुग्णांवर सोन्याचं कवच असलेले कण आणि लेझर वापरले, निष्कर्ष २०१९ साली आले. त्यात इम्युनोथेरपी नव्हती. जपानने २०२० साली मान्यता दिलेलं औषध वेगळं : अँटिबॉडीला जोडलेलं प्रकाशसंवेदी रंगद्रव्य. बातम्यांत दोन्हींची सर्रास खिचडी होते.

शेजारी घरीच लाल दिव्याचा शेक घेतात. चालेल? (कोल्हापूर)

कण नाही, औषध नाही, नुसता दिवा. त्याने कॅन्सरला काही होत नाही.

इम्युनोथेरपी परवडत नाही. आईला तोंडाचा कॅन्सर आहे. हे तंत्र येईपर्यंत थांबू का? (परभणी)

अजिबात थांबू नका. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये कमी मात्रेच्या केमोथेरपीच्या गोळ्यांना निव्होल्युमॅब या ब्रेक सोडवणाऱ्या औषधाची जोड दिली, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. आईंच्या टप्प्याला हे लागू आहे का, एवढं त्यांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.