नाव तांदळात लिहितात, मग जुनं कुठे जातं?

बाय,

तुझा व्हॉइस मेसेज काल शिफ्ट संपल्यावर ऐकला, दोनदा ऐकला कारण मागे आजीचा मिक्सर चालू होता. नव्या काकीचं नाव ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि आजी म्हणाली आजपासून हिला ह्याच नावाने हाक मारायची, तर मग तिचं जुनं नाव कुठे जातं? आणि शेवटी एकदम हळू आवाजात, तुझं पण बदललं होतं काय गे आई.

आधी सोपं ते सांगते. नवरी माप ओलांडून घरात आली की लक्ष्मीपूजन असतं, ताटात तांदूळ पसरायचे, नवरा सोन्याच्या अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, की झालं. आपल्याकडे गोव्यात डिचोलीत असंच आणि तिकडे घाटावरही असंच. का म्हणून विचारशील तर जो तो वेगळं सांगेल. नवं घर म्हणजे नवा जन्म म्हणे, नवऱ्याच्या नावाला जुळायला पाहिजे म्हणे, आणि कधीकधी खरं कारण एवढंच असतं की घरात त्याच नावाची नणंद असते आणि एका हाकेला दोघी ओ देतात. पूर्वी तर नवरी आठ-नऊ वर्षांची, तुझ्याहून लहान, तिला कोण विचारतंय. आनंदीबाई जोशी, ज्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्या माहेरी यमुना होत्या आणि रमाबाई रानडे पण माहेरी यमुनाच! पुस्तकात आपण शिकतो ती दोघींची सासरची नावं.

आता तुला इथली एक गोष्ट सांगते. मी राहते त्या इंग्लंडमधल्या टॉर्की गावात १८९० साली एक मुलगी जन्मली, अगाथा मेरी क्लॅरिसा मिलर. पुढे अगाथा ख्रिस्ती. खुनाच्या कादंबऱ्यावाली, आजीला विचार, तिला माहीत असणार. पण ह्या बाईने सहा कादंबऱ्या अशा लिहिल्यात ज्यात खून नाही, पोलीस नाही, फक्त माणसं, प्रेम, लग्न, आणि लग्नात एकटं पडणं. त्या तिने दुसऱ्याच नावाने छापल्या, मेरी वेस्टमॅकॉट. मेरी हे तिचंच मधलं नाव आणि वेस्टमॅकॉट लांबच्या नातेवाइकांचं. १९३० साली पहिली आली आणि जवळजवळ वीस वर्षं लोकांना पत्ता नव्हता की ही बाई म्हणजे तीच बाई.

मला हे कसं कळलं तर आमच्या केअर होममधल्या एका म्हाताऱ्या आजींमुळे, त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणून दुपारी चहानंतर मी वाचून दाखवते. माझे उच्चार ऐकून त्या हसतात, हसू देत.

तर ह्या अगाथाबाईचं पहिलं लग्न १९१४ साली नाताळच्या आदल्या दिवशी झालं. लढाई चालू होती, नवरा विमानदलात, ही टॉर्कीच्या हॉस्पिटलात नर्स, मग औषधं बनवायच्या खोलीत (तिथेच विषं शिकली, ती पुढे कामाला आली). १९२६ मध्ये तिची आई वारली आणि त्याच वर्षी नवरा म्हणाला मला दुसरी आवडते, सोड मला. डिसेंबरात ही घरातून निघून गेली ती अकरा दिवस सापडलीच नाही, सगळा देश शोधतोय, आणि सापडली कुठे तर हॅरोगेटच्या एका हॉटेलात. तिथे तिने नाव लिहिलेलं नील. नील म्हणजे नवऱ्याला आवडलेल्या त्या दुसरीचं आडनाव! मी हे वाचताना थांबले, पुढे वाचवेना. आजींनी विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, चष्मा पुसते.

१९२८ ला घटस्फोट झाला. खरं तर वेस्ट इंडीजला जायची तिकिटं काढलेली, पण एका जेवणात कोणीतरी बगदादचं वर्णन केलं आणि हिने तिकिटं बदलली, ओरिएंट एक्सप्रेस पकडली आणि एकटी निघाली. अडतीस वर्षांची बाई, त्या काळात, एकटी. इराकात ऊर म्हणून जुनं शहर उकरत होते ते बघायला गेली, १९३० मध्ये परत गेली तेव्हा तिथे मॅक्स मॅलोवन भेटला, तिच्याहून चौदा वर्षांनी लहान, आणि त्याच सप्टेंबरात लग्नपण केलं. मग पुढे त्याच्याबरोबर वाळवंटात तंबूत राहायची, लिहायची, आणि मातीतून निघालेले हस्तिदंताचे तुकडे आपल्या तोंडाला लावायच्या क्रीमने साफ करायची.

त्या सहा कादंबऱ्यांतली एक ह्याच प्रवासातली आहे. बगदादहून परतणारी एक बाई गाडी चुकते म्हणून वाळवंटातल्या रेस्ट हाऊसवर अडकते, पुस्तकं संपतात, बोलायला कोणी नाही, आणि ती बसून स्वतःच्या संसाराचा हिशोब करायला लागते. तीन दिवसांत लिहिली म्हणे. मला तिच्या खुनांपेक्षा ही जास्त भीतीदायक वाटली.

आता नावं मोज. मिलर, ख्रिस्ती, नील, मॅलोवन, वेस्टमॅकॉट. घरात मिसेस मॅलोवन आणि पुस्तकावर मात्र मरेपर्यंत ज्याने सोडलं त्याच नवऱ्याचं नाव, कारण वाचकांना तेच ओळखीचं.

आपल्याकडेही आहे अशी एक. १९३३ साली विभावरी शिरूरकर नावाने एक कथांचं पुस्तक आलं, लग्नं न झालेल्या शिकलेल्या मुलींच्या मनातलं, आणि असा गोंधळ उडाला की ही बाई कोण म्हणून लोक शोधत बसले. त्या होत्या बाळूताई खरे. शिरूर हे त्यांचं गाव, विभावरी म्हणजे रात्र. १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न झालं आणि त्या मालती बेडेकर झाल्या. म्हणजे आईबापांनी एक नाव दिलं, लग्नाने एक दिलं, आणि एक त्यांनी स्वतःच निवडलं. मला ते तिसरं सगळ्यात आवडतं.

हो, माझंही बदललं. मी रडले वगैरे नाही, खोटं कशाला सांगू, पेढा खाल्ला आणि हसले, कारण नाव छान होतं आणि तुझ्या बाबांचं अक्षर तांदळात फार वाकडं आलेलं. चौदा वर्षं त्याच नावाने सगळे हाक मारतात, आजी पण, दुकानदार पण. फक्त पासपोर्टवर बदलायचं राहून गेलं, आज करू उद्या करू करत. म्हणून इथे माझ्या बॅजवर माहेरचं नाव आहे. पहिल्या दिवशी मॅनेजरने त्या नावाने हाक मारली तर मी वळून मागे बघितलं, कोणाला बोलावते ही म्हणून.

काकीला जाऊन विचार तुला कुठल्या नावाने हाक मारू. आजीसमोर नको, चवथीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान, फळं-पानं, आणायला दोघी बाजारात जाल तेव्हा. आणि माझं ते नाव मी इथे लिहीत नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात निळ्या फाइलीत माझं दहावीचं सर्टिफिकेट आहे, स्टूल घे, बाबांना धरायला सांग, आणि सापडलं की रविवारी फोनवर मला त्या नावाने एकदा हाक मार.

तुझी
आई