१८० दिवस थांबा, असे आपल्याला कोणी सांगितले?

विक्रोळीच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. त्यांच्या तेवीस वर्षांच्या मुलाला मेफेड्रोन, म्हणजे बोलीभाषेतील एमडी, बाळगल्याच्या आरोपाखाली मुंबई पोलिसांनी अटक केली. पंचनाम्याप्रमाणे मुलाच्या खिशात ४१ ग्रॅम आणि सोबतच्या मित्राच्या खिशात १२ ग्रॅम मिळाले. १२ सप्टेंबरला दोघांना पहिल्यांदा न्यायालयात हजर करण्यात आले, पुढे पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडी झाली आणि मुलगा सध्या आर्थर रोड कारागृहात आहे. एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, गुन्ह्यात १८० दिवस काहीच करता येत नाही, मार्चपर्यंत थांबा, असे त्यांना सांगण्यात आले आहे. हे खरे आहे का, आणि मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करण्याची तयारी दाखवली तर गुन्हा रद्द होईल का, असे ते विचारतात. ठाणे, मीरा रोड, भायखळा येथील पालकांनीही थोड्याफार फरकाने हेच विचारलेले असल्यामुळे उत्तर सविस्तर देत आहे.

सप्रेम नमस्कार.

पंच पोलिसांच्या नेहमीच्या ओळखीचे होते, झडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती घेण्याचा हक्क मुलाला नीट समजावून सांगितला नाही, मुद्देमाल जागेवर मोहोरबंद झाला नाही, हे सर्व आपण तपशिलाने लिहिले आहे. त्यातील प्रत्येक मुद्द्याला खटल्यात किंमत आहे, विशेषतः झडतीच्या हक्काच्या, म्हणजे कलम ५० च्या, मुद्द्याला. पण खटला उभा राहण्यास किती काळ जाईल हे मुंबईतील कोणताही वकील आपल्याला प्रामाणिकपणे सांगू शकणार नाही. आज मुलाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न एकाच तरतुदीवर सुटणार किंवा अडणार आहे, ती म्हणजे एनडीपीएस कायद्याचे कलम ३६अ, पोटकलम (४).

तपास ठरलेल्या मुदतीत पूर्ण करून दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क प्राप्त होतो. ही मुदत एनडीपीएसमध्ये १८० दिवसांची असते, असे सरसकट सांगितले जाते आणि आपणही ते न तपासता स्वीकारलेत. कायदा तसे म्हणत नाही. १८० दिवस लागू होतात ते कलम १९, २४ किंवा २७अ खालील गुन्ह्यांना आणि व्यावसायिक प्रमाणातील अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना. मेफेड्रोनसाठी २ ग्रॅमपेक्षा कमी हे अल्प प्रमाण आणि ५० ग्रॅमपेक्षा जास्त हे व्यावसायिक प्रमाण धरले जाते. ४१ ग्रॅम या दोहोंच्या मध्ये आहे, आणि त्यासाठी शिक्षा दहा वर्षांपर्यंतची आहे. निव्वळ या वजनाकडे पाहिले तर १८० दिवसांची मुदत आपल्या मुलाला लागू होत नाही; सर्वसाधारण, म्हणजे ६० किंवा ९० दिवसांची, मुदत लागू होते.

पण पोलिसांनी मुलावर नेमकी कोणती कलमे लावली आहेत, हे आपल्या संपूर्ण पत्रात कोठेही लिहिलेले नाही. “ते वकिलांना माहीत असेल” असे आपण लिहिता. मुलगा दीड महिन्याहून अधिक काळ आत असताना ज्या कागदावर त्याची कोठडी मागितली गेली तो रिमांड अर्ज आपण एकदाही वाचलेला नाही, हे मला मान्य होण्यासारखे नाही. मुंबईत पालक वकील बदलतात, ओळखीतून कोणाकोणाला फोन लावतात, नातेवाइकांकडून पैसे गोळा करतात, आणि चार-पाच पानांचा तो अर्ज मात्र मागत नाहीत. पहिल्या तारखेपासूनच्या सर्व रिमांड अर्जांच्या प्रती वकिलांकडून घ्या. त्यांच्याकडे नसतील तर न्यायालयात नक्कल अर्ज उद्याच टाका, आणि रोजनाम्याचीही, म्हणजे न्यायालयातील तारखांच्या नोंदींचीही, नक्कल मागा. त्यात दोन गोष्टी शोधायच्या आहेत.

पहिली गोष्ट कलम २७अ. मुलाने पुरवठादाराला मोबाईलवरून चार-पाच वेळा पैसे पाठवल्याचे पोलीस म्हणतात, असे आपण लिहिले आहे. याच आधारावर अनेकदा २७अ लावले जाते. हे कलम अवैध व्यापाराला वित्तपुरवठा करणाऱ्यासाठी आणि त्यात गुंतलेल्याला आश्रय देणाऱ्यासाठी आहे. त्याची शिक्षा दहा ते वीस वर्षे आहे, आणि ते लागले की वजन कितीही असो, मुदत १८० दिवसांवर जाते व जामिनासाठी कलम ३७ च्या कठोर अटी लागू होतात. स्वतःसाठी किंवा मित्रासाठी माल विकत घेताना दिलेले पैसे म्हणजे व्यापाराला भांडवल पुरवणे नव्हे, या दिशेचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये एका गाजलेल्या जामीन अर्जावर लावला आहे. आपल्या वकिलांनी तो निकाल २७अ संबंधीच्या परिच्छेदांसह न्यायालयापुढे ठेवला पाहिजे. अर्थात, त्याच निकालाने या कायद्याखालील सर्व गुन्हे, अल्प प्रमाणाचेही, अजामीनपात्र ठरवले आहेत, हेही लक्षात असू द्या.

इतके कठोर कलम किती निष्काळजीपणे सांभाळले गेले, हे वाचकांना माहीत असावे. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्यांचे क्रमांक बदलले, आणि त्यानंतर सुमारे सात वर्षे २७अ ज्या व्याख्येकडे बोट दाखवत होते तेथे अवैध व्यापाराची व्याख्याच उरलेली नव्हती. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही चूक दाखवून दिली आणि संसदेने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सुधारली, तीही मागील तारखेपासून. या मुद्द्याचा आपल्याला आता लाभ नाही. मात्र ज्या कलमाने माणसाला वीस वर्षे तुरुंगात ठेवता येते ते लावताना तपास यंत्रणेने शब्द न् शब्द वाचला पाहिजे, असा आग्रह धरण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

दुसरी गोष्ट वजनांची बेरीज. ४१ आणि १२ मिळून ५३ होतात, आणि ५० ची रेषा ओलांडली जाते. कलम २९ खाली कट दाखवून दोघांकडील माल एकत्र धरला गेला असेल, तर सरकारी वकील व्यावसायिक प्रमाण सांगून १८० दिवस मागतील. दोन व्यक्तींकडे स्वतंत्रपणे मिळालेला माल, त्यांच्यात कट असल्याचा पुरावा नसताना, एकत्र मोजता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात म्हटले आहे. आपल्या प्रकरणात कटाचा पुरावा आहे की नाही हे मी येथून सांगू शकत नाही. दोघांमधील मेसेज, एकाच ठिकाणाहून केलेली खरेदी, एकत्र विक्रीचा आरोप, यांवर न्यायालयाचे मत फिरू शकते. मालात भेसळ होती, शुद्ध मेफेड्रोन कमी भरेल, या आशेवर मात्र राहू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर मिश्रणाचे संपूर्ण वजन धरले जाते.

हा कायदा १९८५ चा. सुरुवातीला त्यात बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षे शिक्षा होती आणि टोळी चालवणारा व तिच्यासाठी पुडी पोहोचवणारा जवळपास एकाच मापाने मोजला जात असे. २००१ मध्ये संसदेने वजनानुसार पायऱ्या केल्या, त्या हा अन्याय कमी करण्यासाठी. पुरावा नसताना वजनांची बेरीज करणे किंवा ग्राहकाच्या प्रत्येक व्यवहाराला वित्तपुरवठा म्हणणे म्हणजे त्या पायऱ्या पुन्हा पुसणे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मेफेड्रोनने या शहरातील कित्येक घरे उद्ध्वस्त केली आहेत आणि ते विकणाऱ्यांबद्दल मला कोणतीही सहानुभूती नाही. पण कायद्याची जरब बसते ती योग्य माणसावर योग्य कलम लागल्यामुळे.

आता दिवस मोजू. पहिल्या रिमांडचा दिवसही मोजणीत धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने मार्च २०२३ मध्ये कपिल वाधवान प्रकरणात ठरवले. त्यानुसार १२ सप्टेंबर हा पहिला दिवस, १० नोव्हेंबर हा साठावा, आणि ११ नोव्हेंबर हा एकसष्टावा. मधली दिवाळीची सुट्टी वजा होत नाही. कोविडच्या टाळेबंदीत इतर न्यायालयीन मुदती वाढवल्या गेल्या तेव्हाही दोषारोपपत्रासाठी तपास यंत्रणेला तो लाभ मिळणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जून २०२० मध्ये सांगितले होते.

मुदत ६० दिवसांची की ९० दिवसांची, याबाबत मात्र मला सावधपणे लिहावे लागेल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६७ चा अर्थ लावताना, ज्या गुन्ह्याची शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे पण किमान दहा वर्षे नाही, त्याला ६० दिवसांची मुदत लागू होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये राकेश कुमार पॉल प्रकरणात बहुमताने ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये शब्दरचना किंचित बदलून “दहा वर्षे किंवा त्याहून अधिक” अशी झाली आहे, आणि त्याचा आधार घेऊन सरकारी पक्ष ९० दिवसांचा दावा करू शकतो. माझ्या मते ६० दिवसच लागू होतात. तरीही न्यायालय दुसरे मत घेईल ही शक्यता धरून चालावे, आणि म्हणून ११ नोव्हेंबरचा अर्ज फेटाळला गेला तरी ११ डिसेंबर, म्हणजे एक्क्याण्णवावा दिवस, हातचा सोडू नये.

हा हक्क आपोआप पदरात पडत नाही, तो मागावा लागतो, आणि दोषारोपपत्र येण्यापूर्वी मागावा लागतो. ११ नोव्हेंबरला आपल्या वकिलांनी न्यायालय उघडताच कार्यालयात दोषारोपपत्र आले आहे का याची खात्री करावी, नसल्यास लगेच अर्ज दाखल करावा, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व वेळ मागून घ्यावी. दुपारच्या जेवणानंतर बघू, असे कोणी म्हटले तर ऐकू नका. एम. रवींद्रन विरुद्ध महसूल गुप्तवार्ता संचालनालय या २०२० च्या प्रकरणात, तेही एनडीपीएसचेच, आरोपीचा अर्ज सकाळी दाखल झाला आणि यंत्रणेची तक्रार, म्हणजे अशा प्रकरणात दोषारोपपत्राच्या जागी येणारा कागद, त्याच दिवशी नंतर आली. सर्वोच्च न्यायालयाने जामिनाचा हक्क कायम ठेवला, कारण अर्ज आधी पडला होता. क्रम उलटा असता तर तो हक्क गेला असता. अर्जात पुराव्याची, पंचांची, मुलाच्या वयाची चर्चा करू नये. केवळ मुदत, दिवसांची मोजणी आणि जामीन देण्याची तयारी एवढेच लिहावे. या जामिनाला कलम ३७ आडवे येत नाही.

जामीन देण्याची तयारी ही कागदावरची ओळ नव्हे. आदेश झाल्यावर ठरलेल्या वेळेत जामीनदार उभा राहिला नाही आणि दरम्यान दोषारोपपत्र आले, तर मिळालेला हक्क हातातून जाऊ शकतो. म्हणून जामीनदार आजच ठरवा. त्याचे रेशनकार्ड, आधार, राहत्या घराची कागदपत्रे, पगाराच्या पावत्या तयार ठेवा. ऐपतदाखल्याला तहसील कार्यालयात वेळ लागतो, त्यामुळे सुरुवातीला रोख जामिनावर सोडून जामीनदार देण्यासाठी काही आठवड्यांची मुदत द्यावी, अशी विनंती त्याच अर्जात करावी. मुंबईत ती अनेकदा मान्य होते.

व्यसनमुक्तीबद्दल. कलम ६४अ खाली स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते, पण ते सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरते आहे. ४१ ग्रॅमला ते लागू नाही. मुलगा वर्षभर रात्र-रात्र जागत होता, वजन उतरत होते, घरातून पैसे जात होते, असे आपणच लिहिले आहे, आणि तेव्हा “वयाचा दोष” म्हणून सोडून दिले. उपचार त्या वेळी सुरू व्हायला हवे होते. आता ते गुन्हा रद्द करण्यासाठी उपयोगी नसले तरी मुलासाठी आवश्यक आहेत. कारागृहातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून तपासणी व्हावी असा अर्ज करा. सुटकेनंतर सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रातच दाखल करा, आणि पैसे देऊन प्रमाणपत्र मिळवून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

मुलाचा जुना फोन घरी आहे, तो फेकून द्यावा का, असे आपण शेवटी विचारले आहे. अजिबात नको. पुरावा नष्ट करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि तो आपल्यावर दाखल होईल. फोन जसा आहे तसा बंद ठेवा आणि वकिलांना त्याची कल्पना द्या.

११ नोव्हेंबरपूर्वी दोषारोपपत्र आले तर नियमित जामिनाचा मार्ग राहतो. २७अ आणि बेरीज हे दोन्ही मुद्दे खोडले गेले तर कलम ३७ ची अट तेथेही नसेल. कलिना येथील प्रयोगशाळेचा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, नसताना आलेले दोषारोपपत्र अपुरे ठरते का, यावर न्यायालयांचे निकाल एकसारखे नाहीत, त्यामुळे तो मुद्दा जोडीला घ्या, एकट्या त्यावर विसंबू नका. आपले वकील रिमांडचे कागद देण्यास टाळाटाळ करत असतील, तर कोठडीतील व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तो करायचा असेल तर याच आठवड्यात करा, कारण नव्या वकिलांना वकीलपत्र दाखल करून अर्ज तयार करण्यासाठी ११ नोव्हेंबरच्या आधी काही दिवस लागतील.